पाभरीची भोके यंत्रावर पाडताना



बाजारात लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टरची पेरणी वाढली, तरी आपल्या जळगाव-धुळ्याकडे बैलाच्या कोळप्याचे, वखराचे किंवा पाभरीचे खोड अजून पुष्कळ ठिकाणी बाभळीचेच दिसते. असे अवजार मधल्या लाकडात क्वचित मोडते. ते खिळखिळे होते सांध्यात, म्हणजे खोडातले चौकोनी भोक आणि त्यात बसणारी फणाची किंवा जानोळ्याची कूस यांच्या जोडात. भोक अर्धा सूत ढिले राहिले तर कोळपे कपाशीच्या ओळीत डुलते आणि तणाबरोबर पीकही कापते. पाभरीच्या एका फणाचा कल चुकला तर एका ओळीत बी खोल जाते, शेजारच्या ओळीत वरच पडते. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आल्यावर हे नीट करायला सवड कुणाला? सुताराच्या दारात तर त्या आठवड्यात रांगच असते.

म्हणून घरी थोडेफार सुतारकाम करणारे शेतकरी टेबलावर बसवायचे, भोके पाडणारे छोटे यंत्र घेतात. त्यात चौकोनी पोकळ पटाशी असते आणि तिच्या पोटात गिरमिट फिरते. गिरमिट गोल भोक पाडते, पटाशी त्याचे चार कोपरे कापते, आणि भुसा पटाशीच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतो. दांडा खाली ओढला की काम झाले. मात्र ही यंत्रे प्रामुख्याने दारे-खिडक्यांच्या नि फर्निचरच्या कामाची. त्यांच्याखाली वाळलेली बाभूळ किंवा अंजन घातले की तक्रारी सुरू होतात. अंजन तर आपल्या देशातल्या सर्वांत कठीण नि जड लाकडांत मोजतात. तेव्हा यंत्राला थोडे आपल्या कामाचे करून घ्यावे लागते.

पहिली गोष्ट पटाशी आणि गिरमिट यांच्यातील अंतराची. गिरमिटाचे टोक पटाशीच्या धारेच्या खाली साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे एका नाण्याच्या जाडीइतके, बाहेर हवे. ते आत गेले तर दोन्ही एकमेकांवर घासतात, तापतात, निळी पडतात आणि धार गेलीच म्हणून समजा. त्याच वेळी पटाशीची पाठ मागच्या आधारफळीशी बरोबर समांतर आहे ना, हे लहान गुण्या लावून पाहावे. जराशी तिरपी असेल तर शेजारी-शेजारी घेतलेले घाव करवतीच्या दातांसारखे उमटतात.

दुसरी अडचण अशी, की कठीण लाकडात पटाशी घट्ट रुतते आणि दांडा वर नेताना लाकूडच तिच्याबरोबर उचलले जाते. यंत्राची मूळ पकड अशा वेळी पुरत नाही. तिच्या जागी सागाची किंवा बाभळीची दोन इंच जाड आडवी पट्टी घ्यावी, मधोमध पटाशीपुरती खाच ठेवावी आणि दोन्ही टोकांना लांब बोल्ट घालून ती टेबलाला आवळावी. यंत्रही जड बाकावर बोल्टने पक्के हवे. दांड्यात पाइप घालून जोर वाढवायची युक्ती काही जण करतात. ती करू नये. जोर आतल्या दात्यांवर येतो आणि दाते तुटले की यंत्र पडून राहते. त्यापेक्षा साध्या ड्रिलने आधी एक-दोन भोके पाडून लाकूड मोकळे करावे आणि मग पटाशी उतरवावी.

पाच-सहा इंच जाडीचे खोड पटाशीखाली मावत नसेल तर यंत्राच्या खांबाखाली चौरस ठोकळा घालून डोके वर उचलता येते. ठोकळा रंधून सपाट केलेला असावा, नाहीतर खांब कलतो.

आता मुख्य काम, पाभरीचे. फणाचे भोक सरळ उभे नसते, त्याला कल असतो. यंत्र तर सरळच भोक पाडते. म्हणून खोडच कलते धरायचे. दोन फळ्यांचा काटकोनी पाळणा करावा आणि त्याच्या तळाशी लांब पाचर ठोकून तेवढाच कल द्यावा. कल किती, हे अंदाजाने ठरवू नये. ज्या जुन्या पाभरीने पेरा चांगला पडत होता तिच्या खोडाला नि फणाला पत्र्याचा तुकडा लावून तो कापून घ्यावा. तोच आपला नमुना.

पटाशी एका दमात आरपार जात नाही, म्हणून अर्धे भोक वरून आणि अर्धे खालून घ्यावे लागते. पुष्कळांचे काम बिघडते ते इथेच. भोक सरळ असेल तर खोडाची तीच बाजू आधारफळीला ठेवून टोके फिरवावीत. कलत्या भोकाला तसे केले तर दोन्ही बाजूंची भोके मध्ये कैचीसारखी एकमेकांना छेदतात. तिथे टोके जागच्या जागी ठेवून खोड अर्धा फेरा लोळवायचे, म्हणजे वरची बाजू खाली आणि मागची बाजू पुढे येईल. अर्थात त्यासाठी खोड चारी बाजूंनी रंधलेले, समोरासमोरच्या बाजू समांतर असलेले आणि भोक बरोबर मधून जाणारे हवे. खतावणीने दोन्ही तोंडांवर रेघा आधीच ओढाव्यात.

दोन फणांतील अंतरासाठी पाळण्याला एक खुंटी बसवावी. ज्वारी-बाजरीसाठी ४५ सेंटिमीटर, मूग-उडदासाठी ३० सेंटिमीटर अशी दोन छिद्रे पुरतात. एक भोक झाले की खुंटी त्यात अडकवून पुढचे घ्यावे, प्रत्येक वेळी टेप धरायचे कारण नाही.

भोक घेताना आधी दोन्ही टोकांचे घाव घ्यावेत, मग मधे थोडे लाकूड सोडत जावे आणि सोडलेले शेवटी काढावे. लाकूड एकाच बाजूला उरले तर पटाशी मोकळ्या बाजूला सरकते. भोकाची रुंदी खोडाच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको. कूस कडक वाळलेल्या लाकडाची असावी, ओल्या लाकडाची कूस उन्हाळ्यात आकसते आणि मग पाचरीवर पाचर ठोकत बसावे लागते.

लाकूड बांधावरच्या बाभळीचे घेतले तर उत्तम. साग, अंजन, तिवस ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडू नयेत.

विजेबद्दल थोडे. दाब कमी असताना, दिवा मिणमिणत असताना, मोटार चालवू नये, ती अडखळते आणि जळते. अर्थिंग पक्के असावे. हातमोजे घालून किंवा उपरण्याचे टोक लोंबत ठेवून यंत्राजवळ जाऊ नये. भुसा अडकला तर बटन बंद करून, प्लग काढून, काडीने काढावा, बोटाने नाही.

एकट्या घराला हे यंत्र परवडेलच असे नाही. चार-पाच घरांत मिळून घेतले आणि उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आगेमागे, सगळ्यांची खोडे एकदम पाडून घेतली तर पाळणा नि खुंटी एकदाच लावावी लागते. काम झाल्यावर पटाशी-गिरमिट पुसून तेलाचा हात फिरवावा आणि पावसाळ्यात ती कापडात गुंडाळून धान्याच्या कोठीजवळ कोरड्या जागी ठेवावीत.