वाशीमचे वीस अंश

तिवईचा एक पाय काळ्या मातीत रुततो आहे. सर तिवई उचलून बाजूला घेतात आणि आठवीतल्या मुलीला म्हणतात, "फरशीचे तुकडे आण ते." शहाबादीचे तीन तुकडे पिशवीतच आहेत. वावरात दुर्बीण लावणाऱ्याला हे सामान आयपीसइतकंच गरजेचं. एकबुर्जी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हरभऱ्याचं वावर आहे, त्याच्या धुऱ्यावर आमचा तळ. शनिवार, १७ जानेवारी २०२६. उद्या पौष अमावास्या, त्यामुळे चंद्राची अडचण नाही. सूर्य सहाच्या सुमारास गेला. पश्चिमेला अजून तांबूस आहे आणि थंडी पायांतून वर चढायला लागली आहे.

एक काम मुलांनी दुपारीच उरकलेलं आहे. इथे काठी रोवून, ओळंब्याने तिचा उभेपणा तपासून, सावली सगळ्यांत आखूड झाली त्या क्षणी तिच्यावरून चुन्याची रेघ मारलेली आहे. हीच आपली उत्तर-दक्षिण. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि वाशीम ७७ अंशांच्या जेमतेम पुढे. इथे सूर्य माथ्यावर यायला साडेएकवीस मिनिटं जास्त लागतात. त्यात जानेवारीच्या मध्याला तो स्वतःच आणखी दहाएक मिनिटं मागे असतो.

"मोबाइलमध्ये होकायंत्र हाय ना सर," एक पोरगा म्हणतो.

सर त्याला मोबाइल तिवईच्या लोखंडी पायाला टेकवायला लावतात. पडद्यावरची सुई लगेच भरकटते. खरं तर वाशीमच्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, दूर उभं राहून पाहिलं तर होकायंत्र चालून जाईल. पण चुन्याच्या रेघेला लोखंडाचं भय नाही, आणि ती पोरांनी स्वतः मारलेली आहे. सरांचा कल तिकडे आहे हे उघड दिसतं.

तिवईच्या माथ्यावर पाणसळ येते. ती कुणाच्या तरी गवंडी बापाची आहे, सिमेंटचे डाग अजून तिच्यावर. बुडबुडा मधे येईपर्यंत पाय खालीवर होतात. मग पेटीतून माउंट निघतं. विषुववृत्तीय पद्धतीचं, छोटंसं, ११४ मिलिमीटर आरशाच्या दुर्बिणीसोबत येतं तसलं. त्याच्या कुशीला अंशांची पट्टी कोरलेली आहे. बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधलेला आहे, त्या उजेडात सर पट्टीवर बोट ठेवतात. काटा चाळिसाच्या वर. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांच्या डोळ्यांपुढचं गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेतलं असणार.

"आपले किती?"

"वीस!" चार-पाच जण एकदम.

वाशीमचा अक्षांश २० अंश आणि वर थोड्या कला. तेवढीच इथे ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, म्हणजे उत्तरेला दोन मुठी. मागचा स्क्रू सैल करत पुढचा पिळत सर माथा खाली आणतात. काटा तीस, पंचवीस असा सरकतो आणि विसाजवळ आल्यावर अडचण समोर येते. प्रतिवजनाचा दांडा फिरवला की तो तिवईच्या उत्तरेकडच्या पायाला खटकन लागतो. पुस्तिकेत तर चित्रच काढलंय, एक पाय उत्तरेला ठेवा म्हणून. चाळीस-पन्नास अंशांवर ते बरोबर आहे, तिथे दांडा पायापासून लांब राहतो. इथे आस आडवी होत जाते आणि दांडा पायावर येतो. सर पुस्तिका मिटतात आणि तिवईच फिरवतात. दोन पाय उत्तरेला, एक दक्षिणेला.

"सर, हे उलटं झालं," मुलगी म्हणते.

"पुस्तकाच्या हिशेबानं उलटं. वाशीमच्या हिशेबानं हेच सुलटं."

मला हा सगळा खटाटोप आवडतो तो इथे. अजून एकही तारा पाहिलेला नाही आणि तरी यंत्राला आपण कुठे उभे आहोत हे सांगून झालं. ध्रुव एवढा खाली याचं वाईटही वाटायला नको. उत्तर जितकी खाली, तितकी दक्षिण मोकळी. अगस्त्य आत्ता आग्नेयेकडे, दक्षिणेच्या बाजूने क्षितिजातून डोकं काढतो आहे. ३७ अंशांच्या पलीकडे उत्तरेला राहणाऱ्यांना तो जन्मभर दिसत नाही.

अंधार पुरता व्हायला वेळ आहे. तोवर फाइंडर जुळवून होतो. दूरच्या टॉवरचा लाल दिवा आधी मोठ्या नळीत मधोमध आणायचा आणि मग फाइंडरचे तीन स्क्रू पिळत त्याच्या फुलीवर घ्यायचा. पोरं आळीपाळीने पिळतात, दिवा पळतो, पुन्हा सापडतो.

गावाच्या बाजूला पिवळट उजेड आहे. त्या उजेडात कुठेतरी मध्यमेश्वराचं देऊळ. लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवर ते आहे अशी वाशीमकरांची जुनी समजूत. ती हवेतून आलेली नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, आणि जुन्या सिद्धान्तग्रंथांत उज्जयिनीवरून जाणाऱ्या त्या रेषेवरच्या गावांच्या यादीत वत्सगुल्माचं नाव येतं. आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या रेखांशापासून एक अंश बावीस कला पूर्वेला भरतं, अंतर धरलं तर जवळजवळ दीडशे किलोमीटर. गंमत अशी की त्याच यादीतलं कुरुक्षेत्रही उज्जैनच्या अंशभर पूर्वेलाच आहे, म्हणजे वाशीमची त्याच्याशी रेघ अधिक जुळते. रेखांश काढायला ग्रहणांच्या वेळा आणि वाटसरूंनी सांगितलेली अंतरं एवढंच हाताशी असताना ही चूक लाजिरवाणी म्हणता येणार नाही. आपली चुन्याची रेघ त्याच जातीची आहे, फक्त लहान.

साडेसात. शर्मिष्ठा वायव्येच्या अंगाला झुकली आहे. सप्तर्षी, म्हणजे गावाकडची बाज आणि तिचे तीन चोर, अजून पुरते उगवलेले नाहीत, म्हणून ध्रुव तिच्यावरूनच शोधायचा. दोन मुठी मोजल्या की तो सापडतो, फारसा तेजस्वी नाही, पण आसपास स्पर्धाही नाही. आता नळी आसेला समांतर केलेली आहे, क्रांतीची पट्टी ९० वर. सगळ्यांना एकच ताकीद, नळीला हात लावायचा नाही, हलवायचं ते माउंटचं डोकं. सर फाइंडरला डोळा लावून उंचीचा स्क्रू अर्धा फेरा देतात, डोकं केसभर डावीकडे ढकलतात.

"आला. पण मधे नाही ठेवायचा," ते म्हणतात.

ध्रुवतारा आकाशाच्या नेमक्या ध्रुवावर नाही. आजच्या घडीला तो अर्ध्या अंशाहून थोडा लांब आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जरा जास्त, आणि तोही त्या बिंदूला प्रदक्षिणा घालतो. आज पावणेआठच्या आधी काही मिनिटं तो बरोबर बिंदूच्या डोक्यावर येतो आहे. म्हणजे डावं-उजवं अगदी चोख, फक्त उंची तेवढी कमी धरायची. त्यात फाइंडरमध्ये चित्र उलटं, वरचा तारा खाली दिसतो. मुलगी डोळा लावते, ओठ हलवत हिशेब करते, स्क्रू पिळते. तारा फुलीच्या किंचित खाली जाऊन थांबतो.

"बस."

पकडी आवळल्या जातात.

वावराचे मालक काका एवढा वेळ धुऱ्यावर उकिडवे बसून पाहत आहेत. नळी ध्रुवाकडून वळून पूर्वेला गुरूकडे जाते तसे ते बोलतात. "तासभर ध्रुवाकडं तोंड करून बसोले त्याले, अन् पाह्यता गुरू? मंग ध्रुव कायले पाह्यजे होता?"

सर हसतात. "काका, बैलगाडीची आस पाहून आपण कुठं जातो? जायचं ते गावाला. पण आस वाकडी असली तर चाक फिरते का नीट?"

"नाई फिरत."

"आकाश ध्रुवाभोवती फिरतं. यंत्राची आस त्याला समांतर ठेवली, आता एकच चावी फिरवली की गुरू सुटत नाही."

चावी सोडून पाहायची पाळी येते. दहा मिलिमीटरच्या आयपीसमध्ये, नव्वद पटीला, गुरू मधोमध आहे. त्याच्या अंगावर दोन राखट पट्टे, पट्ट्यांच्या रेषेत बारीक चंद्र. काका एका डोळ्यावर पंजा ठेवून वाकतात. मिनिटभरात म्हणतात, "अरे, हा तं चालला!" गुरू कडेला गेलेला आहे. मुलगी चावी हळूच फिरवते, तो परत मधे येतो. ती फिरवतच राहते, काका पाहतच राहतात. "बाप्पा! हे फिरनं आपलं हाय का त्याचं?"

"आपलं."

काका डोळा काढत नाहीत. मागे रांगेत चुळबुळ सुरू होते, कुणीतरी कुणाला तरी ढकलतं, सर मागे न बघता "तिवईपासून लांब" म्हणतात.

तेवढ्यात खालच्या विहिरीवर मोटार घरघरते. रात्रीची लाईन आली. काका नाइलाजाने उठतात, स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आहेत. बॅटरी पेटवणार तोच पोरं ओरडतात. ते तशीच बंद बॅटरी घेऊन धुऱ्यावरून निघतात आणि चार पावलांवर थांबतात.

"बाज कवा उगवते, सर?"

"दहाला या. चारही खूर वर आलेले असतील. गुरू पण चांगला माथ्याकडे येईल."

"अन् तिन्ही चोर?"

"शेवटचा चोर अकराच्या पुढं."

"अकरालोक तं हरभऱ्यात तीनदा पाइप बदलतो मी," काका म्हणतात. "ते चावी फिरवत राह्य वं पोरी, येतोच."