लग्नात आपली छाप हवी, पण पॅकेज नको? शहापूर-मुरबाडमध्ये तयारी कुठून सुरू करायची, जाणून घ्या

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आता साखरपुड्यापासून वरातीपर्यंत सगळ्याचे पॅकेज मिळते. फुलांची कमान, नावांची एलईडी पाटी, धुराचे यंत्र, ड्रोन. अडचण एवढीच, की शेजारच्या गावातल्या लग्नातही नेमके तेच असते. खर्च वाढतो, कधी त्यासाठी कर्जही निघते आणि अल्बम मात्र दुसऱ्याच्या लग्नाचा वाटतो. आपले वाटेल असे पुष्कळ काही घरात आणि गावातच असते. फक्त नियोजनाचा क्रम बदलावा लागतो : आधी पाणी, वाट आणि वेळ, सजावट त्यानंतर.

तारीख ठरवताना पाण्याचा हिशेब कशाला?

मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तरीही एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. लग्नसराईही नेमकी तेव्हाच भरात असते. समजा, ५०० पाहुणे आहेत. पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी ३ लिटर धरले तरी १,५०० लिटर पाणी लागते. स्वयंपाक आणि भांडी त्यात धरलेली नाहीत. हा भार गावासाठी आलेल्या टँकरवर पडू नये, यासाठी पाण्याची सोय मांडववाल्याच्या आधी ठरवावी.

जमत असेल तर तुळशीविवाहानंतरचे पहिले मुहूर्त पाहावेत. भातकापणी उरकलेली असते, विहिरींना पाणी असते आणि दुपार सुसह्य असते. शिवाय नवा तांदूळ घरात आलेला असतो. स्वतःच्या शेतातल्या तांदळाच्या अक्षता हा बिनखर्चाचा आणि खास घरचा मान ठरतो. मे महिनाच गाठायचा असेल, तर गोरज मुहूर्त आणि छोटी यादी हे दोन उपाय हाताशी असतात.

पत्रिकेत काय वेगळे करता येईल?

पत्रिका घरच्या बोलीत लिहिता येते. आजी-आजोबांच्या नावाने आमंत्रण देता येते, वधू-वरांची लाडकी नावेही घालता येतात. मात्र पूर्ण नाव, तारीख आणि स्थळ बिनचूक हवे. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करताना लग्नपत्रिका पुरावा म्हणून जोडली जाते. आधार कार्डावरचे नाव आणि पत्रिकेवरचे नाव वेगळे निघाले, तर हेलपाटे वाढतात. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात, तेही आधीच ठरवून ठेवावेत.

पत्रिकेला चकचकीत प्लास्टिकचे वेष्टन नको. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत निमंत्रणपत्रिकेवरचे वेष्टनही आहे.

त्या पैशांत मागच्या बाजूला वाटेचा नकाशा छापता येईल. शहापूरला येणाऱ्यांना आसनगाव स्थानक जवळचे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा-जीप. पाड्याचे नाव, जवळची खूण आणि लोकेशनचा क्यूआर कोड दिला, तर मुंबईचे पाहुणे मुहूर्ताला पोहोचतील.

वारली चित्र म्हणजे फक्त नक्षी का?

पत्रिकेवर आणि मंडपाच्या पडद्यावर वारली चित्र आता सर्रास दिसते. पण वारली समाजात लग्नचौक हा लग्नविधीचाच भाग आहे. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात. चौकात पालघाट देवी असते आणि लग्न लावण्याचा मान धवलेरीचा, म्हणजे एका स्त्रीचा असतो. १९७० च्या दशकात ही चित्रे गावाबाहेर कागदावर पोहोचली. त्यातले मोठे नाव जिव्या सोमा म्हसे; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणूनच इंटरनेटवरून चित्र उचलून फ्लेक्स छापण्यापेक्षा परिसरातल्या वारली कलाकाराकडून घराची एखादी भिंत रंगवून घ्यावी. योग्य मोबदला द्यावा आणि पत्रिकेत त्याचे नावही छापावे. देवीचा चौक सजावट म्हणून मागण्याऐवजी आपल्या घरची शेती, विहीर, बैलजोडी काढायला सांगता येते. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरतो, भिंत राहते.

हळदीला डीजेच हवा का?

या पट्ट्यात हळदीची रात्र कधी कधी लग्नापेक्षा महाग पडते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. म्हणजे पैसे रात्रभराचे आणि आवाज १० पर्यंतचाच.

त्याआधीचा एक तास घरातल्या बायकांच्या गाण्यांना देता येईल. आगरी घरांत धवला गाणारी धवलारीण असते; इतर घरांतही हळदीची, घाण्याची गाणी येणारी एखादी आजी, आत्या किंवा मावशी असतेच. ही गाणी बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसतात. महिनाभर आधी मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसावे, गाणी रेकॉर्ड करावीत, शब्द वहीत उतरवावेत. हळदीच्या दिवशी तीच गाणी भाचीपुतण्यांनी म्हटली, तर त्याची सर कोणत्याही ट्रॅकला येणार नाही.

मांडव आणि पंगतीचे काय?

थर्माकोलची सजावट आणि प्लास्टिकची ताटे, वाट्या, ग्लास हे सगळे बंदीच्या यादीत आहे. पर्याय दूर नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळी जवळच्या पाड्यावर बनत असतील, तर दोन-तीन आठवडे आधी सांगावे. ऐनवेळी हजार पत्रावळी मिळत नाहीत. मांडवाला आंब्याचे डहाळे आणि आपल्या देवकाची डहाळी लावावी. देवक कोणते आणि ते झाड गावात कुठे आहे, हे घरातल्या थोरल्यांकडून मुलांसमोर विचारून घ्यावे.

सुरुवात कुठून करायची?

घरात एक संध्याकाळ सगळ्यांनी बसावे आणि तीनच गोष्टी निवडाव्यात. उदाहरणार्थ, घरच्या अक्षता, आजीची गाणी आणि एक रंगवलेली भिंत. प्रत्येक गोष्टीला एक माणूस आणि एक तारीख ठरवावी. मग पॅकेजवाल्याकडे जावे आणि यादीतले काय काय नको, ते आधी सांगावे.