बिननालेचा घोडा : नालबंद कसा पारखावा?

• नालबंद : खूर कापणारा, नाल ठोकणारा कारागीर. घोड्याला नाल नसली तरी त्याचे काम संपत नाही. खिळे जातात, कानस राहते.

• वाढ : महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. कापणी दर 6 ते 8 आठवड्यांनी. अहिल्यानगर जिल्ह्यात मेंढरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड वाहणाऱ्या धनगरांच्या घोड्याचा खूर वाटेतच झिजतो. तबेल्यात बांधलेल्याचा वाढतच राहतो.

• पारख : जाणकार नालबंद हत्यार काढण्याआधी घोडा सपाट जमिनीवर चालवून पाहतो. मग पाय उचलून तळव्यातली माती खरवडतो. तळव्यातला त्रिकोणी, रबरासारखा भाग तो जपतो. फक्त सुटलेले, कुजलेले तुकडे छाटतो. रक्त आले, तर कापणी नक्कीच खोल गेली.

• कुठे विचारावे : सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, जवळचा अश्वपालक, दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा (जि. नंदुरबार) घोडेबाजार. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये नालबंदीचे प्रशिक्षण मिळते. तिथला निवृत्त कारागीर भेटला तर उत्तम.

• आधी डॉक्टर : खूर गरम लागणे, लंगडणे, खुरातून काळा, दुर्गंधीयुक्त स्राव येणे. अशा वेळी कापणीची वाट पाहू नका.