पाकीट-मोडेमचा वेग आणि देवनागरीचा भार

लेखी संदेशाचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यावर प्रेषकाचा व ग्राहकाचा पत्ता घालावयाचा आणि तो बिनतारी यंत्राने प्रक्षेपित करावयाचा, या हौशी बिनतारी चालकांच्या पद्धतीस पाकीट-रेडिओ म्हणतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला व २२ जून २०१६ रोजी अवकाशात सोडलेला ‘स्वयम्’ हा लघु उपग्रह अशाच संदेशवहनासाठी योजिलेला होता. या पद्धतीचा वेग वाढविण्याचा प्रश्न सामान्यतः विद्युत्-तंत्राचा मानला जातो. मराठी संदेशाच्या बाबतीत मात्र तो काही अंशी लिपीचाही प्रश्न आहे.

रूढ मोडेम सेकंदास १२०० बिट पाठवितो. त्यासाठी तो १२०० व २२०० हर्ट्झचे दोन स्वर वापरतो. हे दोन्ही स्वर मानवी बोलण्याच्या पट्ट्यात बसत असल्यामुळे यंत्राच्या ध्वनिग्राहकाच्या वाटेने ते सहज जातात. मोडेमचा स्फटिक बदलून त्याची कालगणना दुप्पट केल्यास वेग २४०० होतो. पण स्वरही २४०० व ४४०० हर्ट्झवर जातात, आणि सुमारे ३००० हर्ट्झपुढील ध्वनी अडविणारी यंत्रातील गाळणी वरच्या स्वरास रोखते. म्हणून ९६०० बिटांसाठी मार्गच बदलावा लागतो. जेम्स मिलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत स्वर नाहीतच. बिटांचा प्रवाह विस्कटून, गाळून, थेट प्रक्षेपकाच्या वारंवारता-नियंत्रकास दिला जातो आणि ग्राहकाच्या विवेचकातून, ध्वनिवर्धकापूर्वीच, परत घेतला जातो. यासाठी मोडेमबरोबर बिनतारी यंत्रही उघडावे लागते.

एवढे करूनही वेग आठपट होत नाही. एका पाकिटात २५६ बाइटांचा मजकूर व सुमारे २० बाइटांचे वेष्टन धरल्यास ते पाठविण्यास १२०० च्या वेगाने १.८४ सेकंद व ९६०० च्या वेगाने ०.२३ सेकंद लागतात. परंतु यंत्र ग्रहणातून प्रक्षेपणात येऊन स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. हा विलंब ०.३ सेकंद धरला, तर हे आकडे अनुक्रमे २.१४ व ०.५३ होतात, म्हणजे लाभ चौपटच.

आता लिपीकडे वळू. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘चिखली’ या शब्दात तीन अक्षरे व दोन वेलांट्या मिळून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. ‘क्ष’ हे एकच जोडाक्षर क, हलन्त व ष मिळून ९ बाइट घेते. १९९१ च्या भारतीय मानकातील इस्की संकेतात मात्र दर चिन्हास एकच बाइट पुरतो.

समजा, अतिवृष्टीत दूरध्वनी बंद पडले असता चिखलीहून बुलढाण्यास औषधांची यादी पाठवावयाची आहे. किल्लारीच्या १९९३ मधील भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले होते. तेव्हा हा प्रसंग केवळ कल्पनेतला नाही. यादीत देवनागरीची १०२४ चिन्हे असल्यास यूटीएफ-८ मध्ये १२ व इस्कीत ४ पाकिटे होतात. प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणे पाठविले आणि पोचपावत्या व भरीचे बिट हिशेबातून वगळले, तर १२०० च्या वेगाने यूटीएफ-८ ला २५.७ सेकंद व इस्कीला ८.६ सेकंद लागतात. ९६०० च्या वेगाने अनुक्रमे ६.४ व २.१ सेकंद. म्हणजे जुन्याच मोडेमवर केवळ संकेत बदलल्याने, यंत्र उघडून मिळणाऱ्या लाभाचा बराच मोठा भाग हाती येतो.

या उपायास मर्यादा आहेत. दोन्ही केंद्रांवर संकेत-परिवर्तनाची सोय हवी आणि मोडेमने आठही बिट अविकृत नेले पाहिजेत. हौशी सेवेत अर्थ लपविण्यासाठी गुप्तलेखन करण्यास मनाई आहे. परंतु प्रसिद्ध मानक वापरणे म्हणजे गुप्तलेखन नव्हे. शिवाय लॅटिन लिपीतील संदेशास यूटीएफ-८ मध्येही दर अक्षरास एकच बाइट लागत असल्याने तेथे हा लाभ उद्भवत नाही.

तात्पर्य, ‘सेकंदास इतके बिट’ हे माप तारेचे आहे, भाषेचे नव्हे. मराठी संदेश किती वेळात पोचतो हे ठरविताना मोडेम, यंत्राचा विलंब आणि लिपीचा संकेत या तिन्हींचा एकत्र हिशेब केला पाहिजे. आणि त्यांपैकी तिसरा घटक भाषाभ्यासकाच्या कक्षेतला आहे.