बहात्तराव्या वर्षी हाती कात्री!

बालमित्रांनो, तुमच्या आजीला विचारून पाहा, “आजी, आजपासून चित्रकला शिकतेस का?” ती बहुधा म्हणेल, “आता या वयात? डोळ्यांना नीट दिसत नाही, हातही थरथरतो!” मग तिला मेरी डिलेनी यांची ही गोष्ट वाचून दाखवा.

मेरीबाईंचा जन्म 1700 साली इंग्लंडमध्ये झाला. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचं लग्न जवळजवळ साठीच्या एका माणसाशी लावून दिलं. मुलीला विचारतो कोण! काही वर्षांतच ते गेले. पुढे 1743 साली त्यांनी पॅट्रिक डिलेनी या आयरिश धर्मोपदेशकाशी लग्न केलं. हा संसार मात्र सुखाचा झाला. पण 1768 साली तेही गेले, आणि मेरीबाई पुन्हा एकट्या पडल्या.

1772 साल. मेरीबाई आपल्या मैत्रिणीकडे, पोर्टलंडच्या डचेसकडे राहायला गेल्या होत्या. समोर जिरेनियमचं लालभडक फूल होतं आणि शेजारी नेमक्या त्याच रंगाचा कागद पडलेला. सहज गंमत म्हणून त्यांनी कात्री घेतली, कागदाच्या पाकळ्या कापल्या आणि मांडल्या. तेवढ्यात डचेस आल्या. त्यांना वाटलं, खऱ्या फुलाच्याच पाकळ्या काढून ठेवल्यात! झालं, बहात्तराव्या वर्षी बाईंना नवा छंद जडला.

त्यांची पद्धत ऐका. पाठीमागचा कागद काळ्या रंगाने रंगवलेला. फूल समोर ठेवायचं आणि पाकळी, देठ, पराग, पानाची शीर असा एकेक भाग रंगीत कागदातून कापून त्यावर चिकटवायचा. सावली हवी? मग त्याच पाकळीवर गडद रंगाचा आणखी एक बारीक तुकडा. एका कृष्णकमळात तर 230 हून जास्त कागदी पाकळ्या आहेत! कृष्णकमळ तुम्ही पाहिलंच असेल. त्यातले ते केसासारखे तंतू कात्रीने कापायचे म्हणजे काय, याचा विचार करा. कधीकधी त्या खरं वाळलेलं पानही चित्रात बेमालूम बसवून देत.

कागदही कसे, तर काही चीनहून आलेले आणि काही रंग फुटून ओघळलेले, म्हणजे दुकानदाराच्या लेखी वाया गेलेले. त्या ओघळांतच बाईंना पानाची छटा सापडायची. असं चित्र अर्धवट असताना पाहिलं असतं, तर काळ्यावर पडलेले नुसते हिरवे-तांबडे ठिपके दिसले असते. हल्लीच्या अमूर्त चित्रासारखे! (मला तर वाटतं, तेच पाहायला जास्त मजा आली असती.)

‘कोलाज’ हा शब्द चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. पिकासो आणि ब्राक या नामवंत चित्रकारांनी 1912 च्या सुमारास चित्रांत कागद चिकटवले आणि कोलाज गाजलं. मेरीबाईंनी ते 140 वर्षं आधीच केलं होतं, तेही केवळ हौसेखातर. त्या आपल्या कामाला ‘कागदी मोझेक’ म्हणत. चित्रामागे वनस्पतीचं नाव, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवत. जोसेफ बँक्स या मोठ्या वनस्पतितज्ज्ञाचाही त्या चित्रांवर विश्वास होता. पुढे राजाराणीकडून क्यूच्या शाही बागेतली नवी झाडं त्यांच्याकडे येऊ लागली.

बाईंनी ठरवलं होतं, एक हजार फुलं करायची. सरासरी चार दिवसांना एक चित्र! पण नजर मंदावत चालली. दिसेनासं होण्याआधी किती होतील? 1782 साली, ब्याऐंशीव्या वर्षी, कात्री खाली ठेवावी लागली, तेव्हा आकडा 985 वर होता. 1785 साली डचेस वारल्या, तेव्हा राजाने बाईंना विंडसरला घर आणि वर्षाला 300 पौंडांचं वेतन दिलं. 1788 साली मेरीबाई गेल्या. त्यांची फुलं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

तुम्हीही करून बघा. जुन्या लग्नपत्रिका, घोटीव कागद, पतंगाचे फाटके कागद आणि कणकेची खळ एवढं पुरे. सुरुवातीला जास्वंद घ्या, पाच पाकळ्यांची. काळा कागद नसेल, तर साध्या कागदाला आधी काळा रंग देऊन पूर्ण वाळू द्या. आजीला शेजारी बसवा आणि कात्री तिच्याच हातात द्या!