हेरोदाला न दिसलेला तारा

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एका वाक्यापाशी मी दर नाताळला थबकतो. पूर्वेकडून आलेल्या ज्योतिष्यांना हेरोद राजा गुपचूप बोलावतो आणि विचारतो, तारा नेमका कधी दिसू लागला? म्हणजे तो राजाच्या नजरेतच आलेला नव्हता! गोव्या-वसईत दारोदारी टांगतात तशी झगमगती चांदणी बेथलेहेमवर असती, तर हे विचारायची वेळ हेरोदावर आली नसती. तो तारा जाणत्यांनाच कळणारा असावा.

ते जाणते म्हणजे मागी. गोव्यातलं मांडवीकाठचं रेइश मागुश त्यांच्याच नावाचं. ते तीन होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. त्यांनी आणलेल्या भेटवस्तू तीन, म्हणून माणसंही तीन झाली.

हा तारा कोणता, हे शोधायचं तर आधी साल ठरवू. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची रीत इ.स. 525 मध्ये डायोनिसियस एक्सिगुअस या संन्याशाने घातली. पण बहुतेक इतिहासकारांच्या मते हेरोद इ.स.पू. 4 मध्येच वारला. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म त्याआधीचा, ख्रिस्तपूर्व! लूकने ख्रिस्तजन्माशी जोडलेली रोमन सुभेदार क्विरिनियसची शिरगणती मात्र इ.स. 6 मधली, तो गुंता आजही सुटत नाही.

1603च्या डिसेंबरात खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरने गुरू-शनीची युती पाहिली. पुढच्याच वर्षी आकाशाच्या त्याच भागात एक नवा तारा झळकला. चकित झालेल्या केपलरने गणित मागे नेलं, तेव्हा इ.स.पू. 7 मध्ये मीन राशीत हीच युती सापडली, आणि तीही एकदा नव्हे, तीनदा. पृथ्वी आतल्या कक्षेतून या ग्रहांना मागे टाकते तेव्हा ते काही महिने उलटे सरकताना भासतात. आपण त्याला वक्री म्हणतो. त्या येरझारीत गुरू शनीला मे महिन्यात, मग शरदात आणि पुन्हा डिसेंबरात भेटला. त्याच वर्षाचं बॅबिलोनचं पंचांग मातीच्या पाट्यांवर कोरलेलं सापडलं आहे. दोन्ही ग्रह मीनेत असल्याची नोंद त्यात आहे; युतीबद्दल अवाक्षरही नाही. दोघांमधलं अंतर कधीही पूर्णचंद्राच्या जवळपास दुपटीहून कमी झालं नव्हतं.

मला अधिक मोह पडतो तो मायकेल मोल्नर या खगोलशास्त्रज्ञाने 1999 मध्ये मांडलेल्या तर्काचा. मत्तयाच्या ज्या ग्रीक शब्दांचं भाषांतर 'पूर्वेला' असं होतं, त्यांचा अर्थ 'उदयाच्या वेळी' असाही होतो. लग्नाचा मुहूर्त काढताना आपण गुरूचा अस्त आणि उदय बघतो, तोच हा उदय: सूर्यतेजात लपलेला ग्रह पहाटे पुन्हा दिसू लागणं. इ.स.पू. 6 च्या 17 एप्रिलला गुरू मेषेत होता, उदयाच्या उंबरठ्यावर. प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथात मेष ही यहूदियाची, म्हणजे हेरोदाच्या राज्याची, रास आहे. त्याच दिवशी चंद्राने गुरूला झाकलं. राजजन्माचा योग!

ते पिधान घडलं भर दुपारी, सूर्याच्या शेजारी. डोळ्यांनी ते कोणालाच दिसणार नव्हतं. ते फक्त गणिताने कळत होतं.