‘प्रत्युष’ गेला मागं, ‘अर्का’ आला पुढं : पुण्यातली चिप बदलल्यानं सुपे-बावड्याच्या पावसाच्या अंदाजात काय बदललं?

बारामती / इंदापूर : २५ मे २०२५ रोजी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मे महिन्यात कुणी पाहिला नव्हता असा पाऊस पडला. निरा डावा कालवा फुटला, शेतात पाणी शिरलं, काढून ठेवलेला कांदा भिजला. दुसऱ्याच दिवशी, २६ मे रोजी, दिल्लीत केंद्र सरकारनं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची नवी प्रणाली देशाला अर्पण केली. ती तयार झाली पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये. आणि ती चालते तिथल्याच ‘अर्का’ नावाच्या महासंगणकावर.

त्याआधी हे काम ‘प्रत्युष’ नावाचा महासंगणक करत होता. तो जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाला. ‘अर्का’चं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. दोन्ही एकाच संस्थेतले, दोघांचं कामही एकच. फरक आहे तो मुख्यतः आतल्या प्रोसेसरचा. हा फरक समजला तर मोबाईलवर येणाऱ्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा, हेही समजतं.

जुनी चिप, नवी चिप

प्रोसेसर म्हणजे संगणकात हिशोब करणारी चिप. मोबाईलमध्ये एकच चिप असते. महासंगणकात हजारो चिप एकत्र जोडून एकच गणित सोडवतात. ‘प्रत्युष’मध्ये इंटेल कंपनीची झिऑन ई५-२६९५ व्ही४ ही चिप आहे, ती २०१६ साली बाजारात आली. ‘अर्का’मध्ये एएमडी कंपनीची एपिक ७६४३ आहे, ती २०२१ सालची. दोघींचा हिशोब असा :

– कोअर : जुनीत १८, नवीत ४८
– मूळ वेग : जुनीचा २.१ गिगाहर्ट्झ, नवीचा २.३ गिगाहर्ट्झ
– चिपमधली जवळची मेमरी (कॅश) : जुनीत ४५ एमबी, नवीत २५६ एमबी
– बाहेरच्या मेमरीकडं जाणारे मार्ग : जुनीत ४, नवीत ८
– वीज : जुनी १२० वॅट, नवी २२५ वॅट

यात पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे वेग जवळपास तेवढाच आहे. पाच वर्षांत २.१ चे फक्त २.३ झाले. मग नवी चिप भारी कशी?

कांद्याच्या लागणीचं उदाहरण

कांद्याची लागण डोळ्यांपुढं आणा. रोप लावणारी एक बाई म्हणजे एक कोअर. तिचा हात किती झपझप चालतो, तो झाला गिगाहर्ट्झ. हाताच्या वेगाला मर्यादा असते. चिपचंही तसंच आहे. वेग वाढवला की चिप तापते, आणि ती उष्णता बाहेर काढणं अवघड होऊन बसतं. म्हणून कंपन्यांनी हाताचा वेग वाढवण्याऐवजी बाया वाढवल्या. एका वाफ्यात १८ बाया होत्या, आता ४८ आहेत.

पण नुसत्या बाया वाढवून भागत नाही. रोपं वेळेवर आली नाहीत तर ४८ जणी बांधावर बसून राहतील आणि हजेरी मात्र पूर्ण द्यावी लागेल. गादीवाफ्यावरून रोपं आणणारा रस्ता म्हणजे मेमरीचे मार्ग. जुन्या चिपला या मार्गांवरून सेकंदाला जास्तीत जास्त ७६.८ जीबी माहिती मिळते, नवीला २०४.८ जीबी.

इथं एक गंमत आहे. ७६.८ ला १८ नं भागा आणि २०४.८ ला ४८ नं भागा. दोन्ही वेळा उत्तर येतं ४.२७. म्हणजे दर बाईच्या वाट्याला येणारी रोपं जुन्या चिपमध्ये जेवढी, तेवढीच नव्यातही आहेत. रस्ता रुंद झाला खरा, पण बायाही तेवढ्याच पटीनं वाढल्या.

खरा फरक पडला तो शेजारी ठेवलेल्या पाटीत. ही पाटी म्हणजे कॅश. जुन्या चिपमध्ये दर कोअरमागं २.५ एमबीची पाटी होती, नवीत ती ५.३ एमबीची झाली, म्हणजे दुपटीहून मोठी. पाटी मोठी असली की बाईला सारखं गादीवाफ्याकडं बघत बसावं लागत नाही. हवामानाच्या गणितात हे फार महत्त्वाचं असतं, कारण त्यात आकडेमोडीपेक्षा माहितीची ने-आणच जास्त असते.

विजेचा हिशोब

नवी चिप २२५ वॅट घेते म्हणजे जास्त वीज खाते, असं वाटेल. पण दर कोअरमागं बघा. जुनीत एका कोअरला ६.७ वॅट लागतात, नवीत ४.७ वॅट. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बाच्या साधारण निम्मी. चिपमधले भाग आणखी बारीक झाल्यामुळं ही बचत झाली. तरीही हजारो चिप एका दालनात असल्यावर उष्णता प्रचंड होते. म्हणून ‘अर्का’मध्ये चिपवर बसवलेल्या पट्ट्यांमधून द्रव फिरवून ती थंड ठेवतात.

शेतकऱ्याला काय मिळालं?

‘प्रत्युष’ची क्षमता ४ पेटाफ्लॉप, ‘अर्का’ची ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे एका सेकंदात एकावर पंधरा शून्यं एवढी गणितं. जवळजवळ तिप्पट ताकद. ‘प्रत्युष’ला हवामानाचं गणित करायला १० तासांपर्यंत वेळ लागायचा, ‘अर्का’ ते ४ तासांत उरकतो. पावसाचा अंदाज हा नाशवंत माल आहे. द्राक्षावर किंवा डाळिंबावर फवारणी करायची की थांबायचं, हे पाऊस यायच्या आधी कळलं तरच उपयोग.

दुसरा फायदा चौकोनाचा. संगणक जमिनीचे चौकोन पाडतो आणि दर चौकोनाला पावसाचा एक आकडा देतो. आधी चौकोन १२ किलोमीटरचा होता, म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला एकच आकडा. आता तो ६ किलोमीटरचा, म्हणजे ३६ चौरस किलोमीटरचा आहे. बारामती ते इंदापूर रस्त्यानं साधारण ५० किलोमीटर. एवढ्या अंतरात पूर्वी चारेक चौकोन बसायचे, आता आठ बसतात. आपल्याकडं सुप्यात ढग फुटावा आणि मोरगावात धूळ उडावी, निमगाव केतकीत पाऊस आणि बावड्यात ऊन, हे नेहमीचंच. मोठ्या चौकोनात हे सगळं एका आकड्यात मिसळून जायचं.

चौकोन निम्मा केला की गणित मात्र दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या झाल्यानं चौकोन चौपट होतात. शिवाय ढग एका चौकोनातून दुसऱ्यात लवकर जातो, म्हणून दर वेळचा हिशोबही निम्म्या अंतरानं करावा लागतो. चार गुणिले दोन, आठ. ताकद तिप्पट आणि काम आठपट, मग बाकीचं कुठून भरलं? शास्त्रज्ञांनी चौकोन आखण्याची आणि गणित सोडवण्याची पद्धतही बदलली. चांगलं बेणं आणि चांगली मशागत दोन्ही लागतात, तसंच हे.

नवी चिप काय करू शकत नाही?

उन्हाळ्यात वळवाचा ढग पुष्कळदा ६ किलोमीटरपेक्षा लहान असतो. तो नेमका कुणाच्या रानावर कोसळेल, हे ‘अर्का’लाही सांगता येत नाही. शिवाय गणित सुरू होतं ते उपग्रह, रडार, फुगे आणि हवामान केंद्रांच्या नोंदींपासून. नोंद चुकली किंवा कमी पडली तर चिप कितीही नवी असली तरी उत्तर चुकणारच. रोपच खराब असेल तर ४८ बाया काय करणार?

म्हणून अंदाज वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तो कधीचा आहे ते बघावं. कालचा फॉरवर्ड आलेला मेसेज म्हणजे शिळा अंदाज. दोन, उद्या-परवाच्या अंदाजावर जास्त भर द्यावा, पाचव्या दिवसाचा नुसता इशारा समजावा. तीन, जिल्ह्याच्या अंदाजावर भागवू नये. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज ‘मेरी पंचायत’ ॲपवर मिळतो. शेतीसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आणि विजेच्या इशाऱ्यासाठी आयआयटीएमचंच ‘दामिनी’ ॲप आहे. ही तिन्ही ॲप फुकट आहेत. पाऊस सुरू होऊन आभाळ कडाडायला लागलं, तर मोबाईल बघत रानात थांबण्यापेक्षा आधी पक्क्या घराचा आसरा घ्यावा आणि जनावरं झाडाखाली बांधू नयेत.